बोलायला वर्ड प्रोसेसर पाहिजे

या वयात तुम्हाला वर्ड प्रोसेसर कशाला हवाय, असं मला इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर छापून दारावर चिकटवावं असं वाटतं. दुकानदाराने विचारलं, भाच्याने विचारलं, वरच्या मजल्यावरच्यांनी जिन्यात अडवून विचारलं. समोरच्या काकूंनी तर "आत्मचरित्र लिहिताय की काय" म्हणून माझ्याकडे असं पाहिलं की त्यात एक प्रकरण त्यांच्यावर असणार आणि ते काही बरं नसणार, याची त्यांना खात्रीच होती. मी सगळ्यांना एकच सांगितलं. लिहायचं काही नाही, आमच्या ह्यांना बोलायचंय.

तर मुद्द्याचं आधी सांगून टाकते. ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज गेला. डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती, ह्यांनी समजून उमजून सही केली होती, आणि सही केल्यापासून ऑपरेशनच्या खोलीत नेईपर्यंत अखंड बोलत होते. स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाला त्यांनी त्याचं पुढचं चाक का कुरकुरतं ते पूर्ण समजावून सांगितलं. माझ्याशी बोलायला वेळ उरला नाही. दार बंद झालं.

ह्यांचं बोलणं हा काय प्रकार होता ते ज्यांनी ऐकलं नाही त्यांना कळायचं नाही. नोकरी न्यायालयात, टंकलेखकाची. म्हणजे दिवसभर वकील बोलणार, साक्षीदार बोलणार, न्यायाधीश बोलणार, आणि हे तोंड मिटून ते सगळं टाइप करणार. मग संध्याकाळी घरी आले की एक चप्पल पायात असतानाच सुरू. विषयाचं बंधन नाही. बादलीची कडी एकाच बाजूने का निसटते, आपल्या जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच का, जांभई देताना माणूस डोळे का मिटतो. मी शाळेत कवायतीची शिक्षिका. दिवसभर मैदानावर ओरडून आलेली असायचे, घरात जरा शांतता मिळावी एवढीच माझी मागणी होती. ती शांतता जन्मभर मिळाली नाही, आणि मिळाली तेव्हा आगंतुक पाहुण्यासारखी घरभर पाय पसरून बसली.

सुरुवातीला पाटी आणली. पण ज्याने आयुष्यभर टाइपच केलं त्याचं अक्षर कसं असणार? ह्यांचं लिहिलेलं ह्यांना स्वतःलाच लागेना. मग मोबाइल. ह्यांचं बोट एका अक्षरावर टेकलं की शेजारची दोन अक्षरंही उठून यायची. परगावच्या लेकीने मोबाइलवर आणखी एक सोय करून दिली, आपण टाइप केलेलं आतली बाई मोठ्याने बोलून दाखवते अशी. ती बाई बातम्या द्याव्यात तशी "चहा झाला का" विचारायची. ह्यांनी एकदाच ऐकलं, मोबाइल उशीखाली सारला आणि उशीवर बसले.

राहता राहिला घरातला कॉम्प्युटर. तो ह्यांनी निवृत्त व्हायच्या बऱ्याच आधी घेतलेला, बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात, मी शिवलेल्या आवरणाखाली. त्याचा कीबोर्ड जुन्या पद्धतीचा, जाड आणि जड, त्यावर ह्यांची बोटं न बघता पळायची. त्यावर हे मोठ्या अक्षरात टाइप करणार, आम्ही वाचणार, असं ठरलं. कल्पना चांगली होती. फक्त तो कॉम्प्युटर आता आमच्याइतकाच म्हातारा झाला होता. सकाळी बटण दाबावं, आंघोळ आटपून यावं, तेव्हा कुठे तो डोळे किलकिले करायचा. आणि त्यातला वर्ड प्रोसेसर त्याहून वरचढ. ह्यांची बोटं वाक्य संपवून मांडीवर जाऊन बसायची तरी पडद्यावर पहिला शब्द रांगतच असायचा. ह्यांनी केलेल्या विनोदाला मी हसायचे तोवर हे दुसऱ्या गंभीर विषयावर गेलेले असायचे, आणि मग मी नको तिथे हसले म्हणून रागवायचे.

त्यात एक वेगळाच घोळ झाला. समोरच्याला आवाज नसला की माणूस आपोआप स्वतःचाही आवाज बारीक करतो. दूधवाला कुजबुजायला लागला. आणि माझं काय झालं कोण जाणे, हे टाइप करायचे, कीबोर्ड माझ्याकडे सरकवायचे, आणि मी एका बोटाने उत्तर टाइप करायचे. कवायतीची शिक्षिका, मैदानाच्या दुसऱ्या टोकाचं पोर जिच्या आवाजाने सरळ व्हायचं, ती. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एकदा ह्यांनी टाइप केलं, "तू का टाइप करतेस? मला ऐकू येतं." मला फार खजील व्हायला झालं, पण सवय काही लवकर सुटली नाही.

इकडे बाहेर वेगळीच हवा. आमच्या घरातून माणसाचा आवाज म्हणून येईना, नुसती खटखट. समोरच्या काकूंनी त्यावरून असा निष्कर्ष काढला की या दोघांचं बोलणं बंद झालंय. ऑपरेशनची गोष्ट त्यांना माहीत होती, पण ते निमित्त, असं त्यांचं म्हणणं. खरं काहीतरी वेगळंच आहे.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हे कमी बोलायला लागले होते. एका वाक्यासाठी इतकं ताटकळायचं तर माणूस कामापुरतंच बोलणार. "दूध आलं." "गोळी घेतली." "ठीक." ठीक हा शब्द ह्यांनी आयुष्यात कधी एकटा सोडला नव्हता, त्याच्यामागे नेहमी वरात असायची. आता पडद्यावर नुसतं ठीक, आणि त्यापुढे लुकलुकणारी ती उभी रेघ. कामाचं बोलणं मला नकोच होतं, ते खुणांनीही भागतं. मला बिनकामाचं हवं होतं. बादलीची कडी हवी होती. ज्या बडबडीला मी जन्मभर कंटाळले ती मला परत पाहिजे होती, आणि ती त्या मंद वर्ड प्रोसेसरमध्ये गुदमरत होती. तेव्हा मी पदर खोचला.

नवा कॉम्प्युटर घ्या, हा पहिला सल्ला. तो मी लगेच मानला. ह्यांना दुकानात घेऊन गेले. ह्यांनी तिथल्या सपाट कीबोर्डवर बोटं ठेवली, दोनदा दाबून पाहिलं, आणि कुणी पोळीच्या नावाखाली पापड वाढावा तसं तोंड केलं. जुनी टाइपरायटरची अक्षरांची मांडणी आहे का, म्हणून मी विचारलं, तर दुकानदाराने मला टाइपरायटर कुठे मिळेल ते सांगितलं. हे तोवर रस्त्यावर पोहोचले होते.

म्हणजे कॉम्प्युटर हाच राहणार, बदलायचा तो वर्ड प्रोसेसर. त्यासाठी आमच्या गल्लीतला दुरुस्तीवाला आला. याला सगळे "बघूया" म्हणतात, कारण होईल का या प्रश्नाला तो होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. त्याने आजकालचा सगळ्यात चांगला म्हणतात तो वर्ड प्रोसेसर घालून दिला. त्याचा मुख्य दोष असा की तो फार मदत करायचा. ह्यांनी एक ओळ टाइप केली की आपण अर्ज लिहीत आहात का म्हणून विचारायचा. समासाची चौकशी करायचा. आणि ह्यांच्या प्रत्येक दुसऱ्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. ज्यांनी टाइप केलेल्या कागदावर न्यायाधीशांनी कधी पेन टेकवलं नाही, त्यांच्या घरच्या बोलण्याला हा तांबडी शाई लावणार. त्यात कॉम्प्युटर आधीच धापा टाकत होता, तो या ओझ्याने अधूनमधून मटकन खालीच बसायला लागला. बघूयाला परत बोलावलं. तो बराच वेळ बघत राहिला.

मग भाचा पुढे सरसावला. हा थोरल्या वन्संचा मुलगा, हुशार, पण बोलतो इतकं भरभर की मी निम्म्या वेळा नुसती मान हलवते. तो म्हणाला, मामी, आता असला प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर ठेवायचाच नाही, इंटरनेटवर ठेवायचा, मशीनला भार नाही. आणखीही काहीतरी म्हणाला. मी मान हलवली. खरोखरच तो प्रोग्रॅम बरा चालला. जरा अडखळायचा, पण हे बोलायला लागले. पहिल्याच दुपारी मला वाटलं, झालं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी आमचं भांडण झालं. छान भांडण, पुष्कळ दिवसांनी. विषय असा की थोरल्या वन्संना बरं वाटावं म्हणून आठवडाभर राहायला बोलवायचं का. मी म्हटलं, बोलवू. हे खटाखट टाइप करायला लागले. ताई आली की स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांची जागा बदलते. गेल्या खेपेला मीठ सापडेपर्यंत ती परत घरी पोहोचली होती. शिवाय ती सकाळी सहा वाजता फर्निचर सरकवते. मीही रंगात येऊन, जुन्या सवयीने, कीबोर्ड ओढला आणि टाइप केलं की तुमच्या सगळ्या घराण्यालाच सरकवायची खोड आहे.

एवढ्यात फोन वाजला. थोरल्या वन्सं. आवाज थरथरत होता. म्हणाल्या, "मी बरण्या हलवते त्या तुमच्याच सोयीसाठी हलवते."

मी रिसीव्हर धरून उभी. आणि पडद्यावर, हे कशालाही हात लावत नसताना, आपोआप एक ओळ उमटली. "मामा, आई रडतेय." तिच्याखाली दुसरी, परगावच्या लेकीची. "आई, तू बाबांना असं बोलतेस?" तिच्याखाली धाकट्या दिरांनी अंगठा टाकला होता. आता तो कुणाच्या बाजूने होता ते अजूनही उलगडलेलं नाही. भाच्याने जे आणखी काहीतरी सांगितलं होतं आणि मी मान हलवली होती, ते हे होतं. त्याने तो कागद सगळ्या नातेवाइकांसाठी खुला ठेवला होता, मामाशी सगळ्यांना बोलता यावं म्हणून. तीन दिवस आमचा संसार अख्खं गोत वाचत होतं. माझ्या गुडघ्याच्या मलमाबद्दल तर कुणीतरी पर्यायही सुचवून ठेवला होता, वर जाऊन पाहिलं तेव्हा दिसला.

मला सांगायला हरकत नाही, मला हसू आलं. पण ह्यांच्याकडे पाहिलं आणि ते जिरलं. कीबोर्डचा चटका बसावा तसे ह्यांनी हात उचलले होते. आयुष्यभर ह्यांनी दुसऱ्यांचं बोलणं शब्दाला शब्द उतरवून घेतलं. कोण काय बोलून गेलं आणि मग त्यालाच ते कसं वाचून दाखवलं, हे रोज डोळ्यांनी बघितलं. आता ह्यांचं घरातलं, बहिणीविषयीचं, प्रेमाने केलेलं कुरकुरणं तसंच उतरलं गेलं होतं. आवाजाने बोललेलं हवेत विरून जातं, तो ह्यांचा शेवटचा आसरा गेला. ह्यांनी कॉम्प्युटर बंद केला, त्यावर आवरण घातलं, चारही टोकं नीट ओढली आणि आत जाऊन पडले.

वन्संची समजूत मी काढली. त्यांची समजूत निघते, वेळ लागतो पण निघते. ह्यांची निघेना. नंतरचे कितीतरी दिवस आवरण तसंच राहिलं. हे मानेने हो म्हणायचे, मानेने नाही म्हणायचे, आणि बाकीचा वेळ खिडकीबाहेर बघायचे. लेकीचा फोन आला की मी तो ह्यांच्या कानाला लावायचे. ती बोलायची, हे ऐकायचे, आणि फोन माझ्याकडे परत यायचा. ते दिवस मला आठवायलाही नको वाटतात.

वरच्या मजल्यावरच्यांना, ते बँकेतून निवृत्त, माझी कीव आली असावी. ते म्हणाले, फुकटच्या प्रोग्रॅमच्या नादी लागलात तिथेच चुकलंत, रीतसर विकत घ्या. त्यांनी नावही सांगितलं. हलका, जुन्या मशीनवर चालणारा, जुनी मांडणी असलेला, आणि कुणाला काही न दाखवणारा. मी ह्यांच्या नावाने तो मागवला. आला. फक्त चालू करायच्या आधी कंपनीला फोन करायचा होता.

फोनवरची मुलगी अतिशय गोड बोलत होती. ज्यांच्या नावावर खरेदी आहे त्यांनी स्वतः "मला अटी मान्य आहेत" असं म्हणायचं, मग ती एक आकडा देणार. मी म्हटलं, त्यांना मान्य आहेत. तिने सांगितलं की त्यांच्याच आवाजात लागेल, रेकॉर्ड होतं. मी म्हटलं, त्यांना आवाज नाही. ती म्हणाली, मग ते मोकळे झाले की करा. मी माझा मैदानावरचा आवाज कष्टाने आत दाबून विचारलं:

"अगं बाळ, ते बोलू शकत असते तर मी हा प्रोग्रॅम घेतला असता का?"

मग ती तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "बरोबर आहे मॅडम. पण त्यांनी स्वतः बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

तेव्हा वरच्यांनी छाती पुढे काढली. मी बोलतो, म्हणाले, एका वाक्याचा तर प्रश्न. त्यांचा आवाज आहेच भरदार, घसा खाकरला की खालच्या मजल्यावर कळतं. त्यांनी फोन घेतला, ह्यांचं नाव आपलं म्हणून सांगितलं. आणि एका वाक्यावर थांबले असते तर ते बँकेत कशाला गेले असते? अटी मान्य आहेत म्हणायच्या आधी अटी कोणत्या, ते त्यांनी विचारलं. त्या मुलीने वाचायला घेतल्या. चौथ्या अटीला त्यांनी हरकत घेतली. ह्यांच्या नावाने, ह्यांच्या बैठकीत, ह्यांच्या खुर्चीत बसून ते कितीतरी वेळ ठणठणीत आवाजात वाद घालत होते. हे दारात उभे राहून ऐकत होते. मग हे वळले आणि आत गेले. मला त्या क्षणी त्या फोनचा, त्या कंपनीचा आणि त्या भरदार आवाजाचा इतका राग आला की काय सांगू. वरच्यांचा नाही आला. त्यांना काही कळलंच नव्हतं, ते बिचारे आमच्यासाठी सहावी अट सुधारून घेत होते.

आकडा मिळाला. मी तो घातला. कॉम्प्युटरने घरघर केली, एक निळी पट्टी निम्म्यापर्यंत सरकली, आणि पडदा काळा झाला तो झालाच. बघूया आला, त्याने झाकण काढलं, आत फुंकर मारली. पहिल्यांदाच तो नुसतं बघूया म्हणाला नाही. म्हणाला, "काकू, या मशीनला आता आजकालचं काही झेपायचं नाही. हिच्या वयाचं काहीतरी आणा, मग बघूया."

हिच्या वयाचं म्हणजे कुठलं, याचा विचार करताना मला ह्यांचं ऑफिस आठवलं. न्यायालयात पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा ज्यावर सगळे टंकलेखक काम करायचे, तो प्रोग्रॅम. हे त्याचं फार कौतुक करायचे, आणि मी ऐकत नसायचे. ह्यांना घेऊन जायचं होतं, पण निवृत्तीनंतरही डब्याच्या वेळी गप्पा मारायला तिथे जाणाऱ्या ह्यांनी ऑपरेशननंतर ऑफिसचं नावच टाकलं होतं. जिथे ह्यांच्या बोलण्याला गर्दी जमायची तिथे मुक्याने जायचं ह्यांच्या जिवावर आलं होतं. मी एकटीच गेले.

रेकॉर्ड विभागातले गृहस्थ ह्यांच्यापेक्षा थोडे धाकटे, आता निवृत्तीला टेकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, वहिनी, तो प्रोग्रॅम आता अस्तित्वात नाही, तो निर्लेखित झालाय, म्हणजे सरकारदरबारी मोडीत काढून नष्ट केलाय. मी म्हटलं, तुमच्या मागच्या कपाटात त्या फ्लॉपी दिसतायत, वर नावही लिहिलंय. ते म्हणाले, दिसतायत खऱ्या, पण नष्ट आहेत. मी म्हटलं, मग मला द्या. ते म्हणाले, नष्ट झालेली वस्तू देता येत नाही, देण्याची नोंद करायची तर आधी ती आहे अशी नोंद करावी लागेल, आणि आहे म्हटलं तर मग नष्ट केली म्हणून ज्यांनी सह्या केल्या त्यांचं काय? मी अर्ज करते म्हटलं. अर्ज कुठल्या वस्तूसाठी करणार, असा त्यांचा रास्त सवाल होता. अशा पायरीपायरीने आम्ही दोघंही पार थकलो.

शेवटी ते उठले, खिडकीशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. म्हणाले, समोरचं झाड यंदा छान वाढलंय, ते मी थोडा वेळ बघणार आहे. माझ्या पाठीमागे जे नाहीच, ते कुणी नेलं तर मला कळायचा काही मार्ग नाही.

मी फ्लॉपी पिशवीत टाकल्या. दारापर्यंत गेले तेव्हा ते झाडाकडे बघतच म्हणाले, "वहिनी, त्यांना एक विचाराल? त्या छत्रीवाल्या साक्षीदाराची गोष्ट डबा खाताना सांगत होते, ती अर्धीच राहिली. आता आम्ही नुसतं जेवतो."

मी जिना उतरून खाली आले आणि रस्त्यावरच उभी राहून रडले. घरी रडायची सोय नव्हती, हे होते.

फ्लॉपी वाचणारं यंत्र बघूयाच्या भंगारात निघालं. त्याने कॉम्प्युटरमधलं होतं नव्हतं ते सगळं पुसून काढलं आणि तो प्रोग्रॅम घातला. बटण दाबलं आणि आमची आंघोळ तर सोडाच, मी बटणावरून बोट काढायच्या आत काळा पडदा आणि त्यावर एक पांढरी उभी रेघ हजर. बाकी काही नाही. समास नाही, सल्ला नाही, तांबडी शाई नाही. इंटरनेटची तर त्याला ओळखसुद्धा नाही. अक्षरं अशी ठसठशीत की मला सोफ्यावरून चष्म्याशिवाय दिसावीत. मी ह्यांना हाक मारली. हे आले, पडद्याकडे पाहून जरा थबकले, जुना ओळखीचा माणूस भलत्याच गावी भेटावा तसे. बसले. पण हात मांडीवरच.

मी म्हटलं, "रेकॉर्डवाले विचारत होते, छत्रीचं पुढे काय झालं."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग एक बोट उचललं आणि टाइप केलं, "कुठली छत्री." अक्षर बोटाआधी उमटत होतं. ह्यांनी हाताकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि दुसरा हातही वर आला. ती गोष्ट संपायला चहाच्या दोन खेपा लागल्या. छत्री कुणाची होती याचा निकाल न्यायालयात शेवटपर्यंत लागला नाही, पण वाटेत ह्यांनी छत्रीच्या काड्या, त्या आठच का असतात, आणि त्या साक्षीदाराच्या चुलत्याचं दुसरं लग्न हे सगळं घेतलं. वाचून वाचून माझी मान अवघडली. इतकी अवघडलेली मान मला इतकी आवडेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात समोरच्या काकू आल्या. त्यांचं शिष्टमंडळ होतं, एकटीचंच. त्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसल्या, म्हणजे कॉम्प्युटरकडे पाठ. माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, हे बघा, नवराबायकोत अबोला फार ताणू नये, सगळ्या मजल्यांना दिसतंय, तुम्ही शहाण्या आहात, तुम्हीच एक पाऊल मागे घ्या. त्यांचा स्वर फार कळवळ्याचा होता.

आणि त्यांच्या मागे पडद्यावर ठसठशीत पांढरी अक्षरं पळायला लागली. काकूंच्या घरात कोण कोणाशी कधीपासून बोलत नाही, याची माहिती. मग काकूंनी चहात किती बिस्किटं बुडवली त्याचा चालू हिशोब. मग, "आता तुटून पडलं. बशीत शोधते आहे." मग, "सापडलं नाही. तुझ्याकडे बघते आहे. गंभीर चेहरा कर." मी गालाच्या आतून चावत होते. काकू म्हणत होत्या की संसार म्हणजे समजूतदारपणा, आणि त्यांच्या खांद्यावरून मला दिसत होतं की बिस्किट पदरावर आहे आणि त्यांना ते कुणी सांगू नये. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकूंना वाटलं त्यांचे शब्द लागले, त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला. ह्यांनी त्यावरही टिप्पणी केली. मग मात्र मला आवरेना, आणि माझ्या तोंडून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाईल अशा आवाजात निघून गेलं:

"अहो, गप्प बसा ना जरा!"

काकूंच्या हातातली बशी डगमगली. त्या मागे वळल्या, ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "अहो, ते कुठे काय बोललेत?"

ऑपरेशन झाल्यापासून या घरात ते शब्द कुणी उच्चारले नव्हते. मी तर स्वप्नातही उच्चारले नसते, जीभ झडली असती. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

ह्यांचे खांदे हलत होते. तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि हे हसत होते, अगदी लोटपोट, नुसता श्वास येत जात होता. डोळ्यांच्या कडा पुसल्या, मला जिंकल्यासारखं एकदा बघून घेतलं, आणि कीबोर्डवर वाकून टाइप केलं, "नाही बसणार." मग ओळ बदलली आणि काकूंच्या बिस्किटाचं पुढे सुरू केलं.